रानपिंगळा

रानपिंगळा किंवा वनपिंगळा (शास्त्रीय नाव: अथिने ब्लेविटी, जुने नाव: हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी) हा मध्य भारतातील शुष्क पानझडी जंगलांत राहणारा लहान आकाराचा घुबडवर्गीय पक्षी आहे. तो केवळ भारतात आढळतो. १८७२ मध्ये त्याचा पहिला नमुना मिळाला आणि १८८४ नंतर त्याची एकही विश्वासार्ह नोंद झाली नाही. त्यामुळे हा पक्षी नामशेष झाला असावा असा समज दीर्घकाळ रूढ होता. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, म्हणजे ११३ वर्षांनंतर, सातपुड्याच्या पायथ्याशी शहादा गावाजवळ तो पुन्हा जिवंत आढळला. शहादा तालुका त्या वेळी धुळे जिल्ह्यात होता; १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला आणि हे ठिकाण नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत रानपिंगळ्याची नोंद 'संकटग्रस्त' या वर्गात आहे.

## नाव आणि वर्गीकरण

'पिंगळा' हे मराठीत लहान घुबडांसाठी वापरले जाणारे जुने नाव आहे. गावाजवळच्या झाडांच्या ढोलीत राहणारा ठिपकेदार पिंगळा महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. त्याच्या आवाजावरून शुभाशुभ सांगण्याची प्रथा लोकपरंपरेत आहे. पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोश्यांचे नावही याच पक्ष्याशी जोडलेले आहे. रानपिंगळा हा याच पक्ष्याचा जंगलात राहणारा नातलग असून दिसण्यात आणि सवयींत तो वेगळा आहे.

या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या त्यांनीच चालविलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ब्रिटिश सनदी अधिकारी असलेले ह्यूम पुढे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ओळखले गेले. पहिला नमुना मिळविणाऱ्या एफ. आर. ब्लेविट यांच्या सन्मानार्थ त्यांनी जातीला 'ब्लेविटी' हे नाव दिले. इतर पिंगळ्यांपेक्षा हा पक्षी पुरेसा निराळा आहे असे वाटल्याने त्यांनी त्यासाठी 'हेटेरोग्लॉक्स' ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'वेगळे घुबड' असा होतो.

ही प्रजाती खरोखरच स्वतंत्र आहे की 'अथिने' प्रजातीचाच भाग आहे, हा वाद शतकाहून अधिक काळ चालला. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात रानपिंगळा हा अथिने प्रजातीच्या वंशशाखेतच मोडतो असे दिसून आले. ठिपकेदार पिंगळाही याच प्रजातीत येतो.

## वर्णन

रानपिंगळ्याची लांबी सुमारे २३ सेंटिमीटर असते, म्हणजे आकाराने तो साधारण साळुंकीएवढा असतो. मात्र त्याची अंगलट आखूड व भरदार असते. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. डोके आणि पाठ राखाडी-तपकिरी रंगाची असून त्यांवर ठिपके जवळजवळ नसतात. पंख आणि शेपटी यांवर रुंद, ठसठशीत पांढरे पट्टे असतात. छातीचा वरचा भाग बराचसा एकसारखा तपकिरी असतो, तर पोटाचा मधला व खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. डोळे पिवळे असतात. चोच व नख्या शरीराच्या मानाने मोठ्या असून पाय आणि बोटे दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेली असतात.

महाराष्ट्रात याच आकाराचे आणखी दोन पिंगळे आढळत असल्यामुळे ओळखीत गफलत होण्याचा संभव असतो. ठिपकेदार पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण असते आणि मानेवर फिकट पट्टा असतो. जंगली पिंगळ्याच्या सर्वांगावर बारीक आडवे पट्टे असतात. बिनठिपक्यांचे डोके, पोटाचा पांढरा भाग आणि शेपटीवरील रुंद पट्टे ही रानपिंगळ्याची खूण होय. या फरकांकडे पुरेसे लक्ष न दिल्यामुळे विसाव्या शतकात ठिपकेदार पिंगळ्यालाच रानपिंगळा समजण्याच्या चुका झाल्या होत्या.

## एकोणिसाव्या शतकातील नोंदी

पहिला नमुना १४ डिसेंबर १८७२ रोजी बसना-फुलझर भागात मिळाला. हा प्रदेश आज छत्तीसगडच्या पूर्व भागात येतो. १८७७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांनी खरियार भागात, म्हणजे आजच्या ओडिशाच्या पश्चिम सीमेवर, दुसरा नमुना मिळविला.

उरलेल्या सर्व अस्सल नोंदी खानदेशातील आहेत. मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० ते १८८४ या काळात तत्कालीन खानदेश जिल्ह्याच्या पश्चिम भागात, तळोदा व शहादा परिसरात, या पक्ष्याचे अनेक नमुने गोळा केले. छत्तीसगड-ओडिशा सीमा आणि पश्चिम खानदेश यांत शेकडो किलोमीटरचे अंतर आहे; मधल्या प्रदेशातून मात्र त्या काळी एकही नमुना आला नाही.

जगभरातील संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात नमुने होते. त्यावरून त्याच्या बाह्यरूपाचे वर्णन करता येत होते. परंतु तो काय खातो, कधी घरटे करतो, कसा ओरडतो, दिवसा फिरतो की रात्री, याविषयी जवळजवळ काहीच ज्ञात नव्हते.

## बनावट नोंदीचे प्रकरण

१८८४ नंतरची एक नोंद बराच काळ खरी मानली जात होती. ब्रिटिश सैन्याधिकारी व पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. हा पक्षी ऑक्टोबर १९१४ मध्ये गुजरातेत तापी नदीकाठच्या मांडवी येथे मारल्याचे त्याच्या चिठ्ठीवर नमूद होते. त्यामुळे हा पक्षी विसाव्या शतकातही होता आणि तो मांडवी भागात राहत होता, असा समज पक्का झाला.

१९९० च्या दशकात माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहाविषयी गंभीर शंका पुढे आल्या. संग्रहालयांतून नमुने चोरून त्यांवर स्वतःच्या नावाच्या नव्या चिठ्ठ्या त्यांनी लावल्याचे एकामागून एक उदाहरणांत दिसू लागले. दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील ग्रंथाच्या तयारीत असलेल्या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी रानपिंगळ्याचा हा नमुना तपासला. प्रत्येक संग्राहकाची पक्ष्याचे कातडे सोलण्याची, आत कापूस भरण्याची आणि टाके घालण्याची पद्धत निराळी असते. क्ष-किरण तपासणी आणि कातड्याची बारकाईने पाहणी केल्यावर मांडवीचा म्हणून ठेवलेला नमुना मुळात डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात तयार केलेला होता आणि नंतर तो उसवून पुन्हा भरला गेला होता, हे स्पष्ट झाले. रासमुसेन व ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ नायजेल कॉलर यांनी हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध केले.

या उलगड्याचे दोन परिणाम झाले. पक्ष्याच्या शेवटच्या खात्रीशीर नोंदीचे वर्ष तीस वर्षे मागे, १८८४ वर गेले. दुसरीकडे, शोध कोठे घ्यायचा याची दिशा निश्चित झाली. मांडवी वगळल्यावर जुन्या चिठ्ठ्यांवर छत्तीसगड-ओडिशातील दोन जागा आणि पश्चिम खानदेश एवढीच ठिकाणे शिल्लक राहिली.

## पुनर्शोध

विसाव्या शतकात या पक्ष्याचा शोध घेण्याचे अनेक प्रयत्न झाले. भारतीय पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली आणि त्यांचे अमेरिकी सहकारी एस. डिलन रिप्ली यांनाही त्यात यश आले नाही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे अमेरिकी पक्षी अभ्यासक भारतात आले. जुन्या अस्सल नमुन्यांवरील ठिकाणे हाच त्यांच्या शोधाचा आधार होता. प्रथम त्यांनी पूर्वेकडील ठिकाणे पाहिली. तेथे पक्षी आढळला नाही. त्यानंतर ते डेव्हिडसन यांच्या खानदेशातील ठिकाणांकडे वळले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात किंग यांना एका निष्पर्ण झाडावर बसलेला पिंगळा दिसला. डोक्यावर ठिपके नसणे, शेपटीवरील रुंद पट्टे आणि पिसांनी भरलेले जाड पाय यांवरून तो रानपिंगळा असल्याची खात्री पटली. या पक्ष्याचे चित्रीकरण व छायाचित्रणही करण्यात आले.

पक्षी मिळाला तो सकाळच्या उजेडात, उघड्या फांदीवर आणि मानवी वस्तीपासून फार दूर नसलेल्या विरळ जंगलात. घुबड म्हणजे रात्री फिरणारा आणि घनदाट अरण्यात दडणारा पक्षी, ही सर्वसाधारण कल्पना रानपिंगळ्याला लागू पडत नाही, हे त्यामुळे प्रथमच लक्षात आले.

पुनर्शोधानंतर लगेचच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने या पक्ष्याचा अभ्यास हाती घेतला. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व तळोदा परिसरात केलेल्या निरीक्षणांमुळे रानपिंगळ्याचा आवाज, आहार आणि प्रजनन यांविषयीची मूलभूत माहिती प्रथमच उपलब्ध झाली.

## आढळ

पुनर्शोधानंतरच्या सर्वेक्षणांत रानपिंगळ्याच्या नोंदी मुख्यतः सातपुडा पर्वतरांगेत झाल्या. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व तळोदा येथील वने, जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य आणि अमरावती जिल्ह्यातील मेळघाट व्याघ्र प्रकल्प ही त्याची महत्त्वाची ठिकाणे आहेत. यांपैकी मेळघाटचे क्षेत्र विस्तृत व सलग असून तेथील संख्या विशेष महत्त्वाची मानली जाते. मध्य प्रदेशात खंडवा आणि बुऱ्हाणपूर जिल्ह्यांच्या वनांत तो आढळतो.

२०१४ मध्ये मुंबईच्या उत्तरेकडील तानसा अभयारण्यात हा पक्षी आढळला. सातपुड्याबाहेर, उत्तर सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील ही नोंद अनपेक्षित होती. त्यानंतर गुजरातमधील डांग भागातील पूर्णा अभयारण्यातूनही त्याची नोंद झाली. हे सर्व समूह एकमेकांपासून तुटक आहेत आणि मधल्या प्रदेशात शेती, रस्ते व वस्ती आहे.

## अधिवास आणि सवयी

नंदुरबार जिल्ह्याच्या दक्षिणेकडून तापी आणि उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. तापीच्या खोऱ्यातील सपाट जमिनीत कापूस, ऊस, केळी, पपई यांची शेती होते. या मैदानातून उत्तरेकडे सातपुड्याचे डोंगर उठतात व सुमारे १,१५० मीटर उंचीवरील तोरणमाळच्या पठारापर्यंत पोहोचतात. रानपिंगळा राहतो तो या डोंगरांच्या पायथ्याच्या व मधल्या उतारांवरील सागाच्या जंगलात. सागाबरोबर सालई, मोई, धावडा, ऐन, तेंदू, मोह ही झाडे तेथे असतात. पावसाळ्यानंतर पाने गळू लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत जंगल जवळजवळ उघडे पडते.

हा पक्षी प्रामुख्याने दिनचर आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी तो उंच झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसलेला आढळतो. सकाळी दहानंतर त्याची हालचाल मंदावते; तरी दिवसा शिकार करताना तो अनेकदा दिसतो. उघड्या फांदीवर निश्चल बसून जमिनीवर नजर ठेवायची आणि सावज दिसताच झेप घालायची, ही त्याची शिकारीची पद्धत आहे. बसलेला असताना तो शेपटी वेगाने डावीकडे-उजवीकडे हलवतो. सावजाचा पाठलाग करताना ही हालचाल अधिक तीव्र होते.

जमिनीवर पालापाचोळ्यात वावरणारे सरपटणारे प्राणी हे त्याचे मुख्य खाद्य आहे. एका अभ्यासात त्याच्या भक्ष्यापैकी सुमारे ६० टक्के भाग सरड्यांच्या वर्गातील प्राण्यांचा, विशेषतः सापसुरळ्यांचा होता. उंदीरवर्गीय प्राण्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्के व पक्ष्यांचे सुमारे २ टक्के होते. उरलेला भाग कीटकादी अपृष्ठवंशी प्राणी आणि बेडूक यांचा होता. सापसुरळ्या ऊन तापल्यावरच बाहेर पडतात. दिवसा शिकार करण्याची सवय या भक्ष्याशी जुळणारी आहे.

रानपिंगळ्याचे आवाज निरनिराळ्या प्रकारचे आहेत. त्याची साद 'ऊ-ओवाव' अशी आखूड व मृदू शिळेसारखी असते. धोका जाणवल्यास तो 'चिर्रर' असा कर्कश आवाज काढतो. जानेवारी-फेब्रुवारीत, जोडीदाराच्या अनुनयाच्या काळात, तो ध्वनिमुद्रित आवाजालाही चटकन प्रतिसाद देतो. सर्वेक्षणांत या गोष्टीचा उपयोग करून घेतला जातो.

## प्रजनन

रानपिंगळ्याचा प्रजननकाळ ऑक्टोबर ते मे असा लांबलेला असतो. तो स्वतः ढोली कोरत नाही; झाडात आधीपासून असलेल्या नैसर्गिक पोकळीत तो घरटे करतो. तोरणमाळ येथील अभ्यासात रोहन, मोई यांसारख्या झाडांवर, जमिनीपासून साधारण पाच ते आठ मीटर उंचीवरील ढोलीत घरटी आढळली. मादी सहसा दोन अंडी घालते व ती एकटीच उबवते. या काळात नर शिकार करून तिला अन्न आणून देतो. पिल्ले बाहेर आल्यावर शिकारीचे काम प्रामुख्याने नराकडेच राहते आणि मादी पिल्लांना भरवते. सुमारे ३० ते ३२ दिवसांनी पिल्ले घरट्याबाहेर पडतात.

नराने आपलेच पिल्लू खाल्ल्याचेही निरीक्षण नोंदविले गेले आहे. ग्रीक पुराणकथेतील स्वतःची मुले गिळणाऱ्या क्रोनसच्या नावावरून या वर्तनाला 'क्रोनिझम' असे म्हणतात. घुबडांच्या व शिकारी पक्ष्यांच्या इतर काही जातींतही असे वर्तन आढळते.

ढोली तयार होण्यासाठी झाड पुरेसे जुने व जाड असावे लागते. फांदी मोडणे, बुंधा कुजणे किंवा सुतार पक्ष्यांनी भोके पाडणे अशा प्रक्रियांतून अनेक वर्षांनी अशी पोकळी निर्माण होते. त्यामुळे जंगलात झाडे पुष्कळ असली, पण सर्व कोवळी असली, तर रानपिंगळ्याला घरट्यासाठी जागा उरत नाही.

## धोके

अधिवासाचा नाश हा रानपिंगळ्यापुढील सर्वांत मोठा धोका आहे. त्याच्या पसंतीचे पायथ्याचे जंगल सपाटीला लागून असल्यामुळे शेती, वस्ती आणि लाकूडतोड यांसाठी तेच प्रथम वापरात येते. १९९० मध्ये केंद्र सरकारने सरदार सरोवर प्रकल्पाच्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी तळोदा वनक्षेत्रातील सुमारे २,७०० हेक्टर राखीव वनजमीन देण्यास मंजुरी दिली. नर्मदाकाठच्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील आदिवासी कुटुंबांच्या पुनर्वसनाचा तो प्रश्न होता. हा निर्णय झाला तेव्हा रानपिंगळ्याची शंभर वर्षांत एकही जिवंत नोंद झालेली नव्हती. ज्या परिसरातून डेव्हिडसन यांनी नमुने गोळा केले, त्याच परिसरातील वन त्यामुळे आकसले.

नंदुरबार हा भिल्ल, पावरा इत्यादी आदिवासी समाजांची बहुसंख्या असलेला जिल्हा आहे. सरपण, चराई, तेंदूपाने आणि मोहफुले यांसाठी येथील कुटुंबे जंगलावर अवलंबून आहेत. वाळलेली व पोकळ झाडे सरपणासाठी प्रथम तोडली जातात आणि घरट्यांसाठी नेमकी तीच उपयुक्त असतात. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची पद्धत मध्य भारतात अनेक ठिकाणी आहे. त्यातून पसरणारे वणवे प्रजननकाळातच लागतात आणि पालापाचोळ्यातील सापसुरळ्या व कीटकही नष्ट करतात. शेतांत वापरली जाणारी कीटकनाशके व उंदीर मारण्याची विषे भक्ष्यामार्फत पक्ष्याच्या शरीरात जाण्याचा संभव असतो.

घुबडांविषयीच्या अंधश्रद्धांमुळेही हानी होते. घुबड अशुभ मानून त्याला मारणे, तसेच त्याचे अवयव किंवा अंडी विधींसाठी वापरणे असे प्रकार घडतात. मुळातच संख्या कमी व समूह तुटक असल्यामुळे एखाद्या जोडीचा नाशही स्थानिक पातळीवर गंभीर ठरतो.

## संवर्धन

भारतीय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रानपिंगळ्याचा समावेश असून त्याची शिकार करणे, त्याला पकडणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटस' कराराच्या पहिल्या परिशिष्टातही तो समाविष्ट आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो पूर्वी 'अतिसंकटग्रस्त' वर्गात होता. नवनवीन ठिकाणी तो आढळल्यामुळे २०१८ मध्ये त्याला 'संकटग्रस्त' वर्गात हलविण्यात आले. प्रौढ पक्ष्यांची संख्या २५० ते १,००० च्या दरम्यान असल्याचा अंदाज आहे. वर्गातील हा बदल मुख्यतः अधिक शोध घेतल्यामुळे झाला. पक्ष्याची संख्या वाढली असा त्याचा अर्थ होत नाही.

मेळघाट, यावल, तानसा व पूर्णा ही ठिकाणे संरक्षित क्षेत्रांत येतात. ज्या शहादा-तळोदा-तोरणमाळ पट्ट्यात हा पक्षी पुन्हा सापडला, तेथे मात्र तो राष्ट्रीय उद्यानाबाहेरील, दैनंदिन मानवी वापरातल्या वनांत राहतो. अशा वनांत माणसांना वगळून संवर्धन करणे शक्य नसते. ढोली असलेली जुनी झाडे राखणे, वणव्यांना आळा घालणे, सरपणाला पर्याय देणे आणि ग्रामसभा व वनविभाग यांनी मिळून वनव्यवस्थापन करणे हे उपाय येथे महत्त्वाचे ठरतात. या उपायांचा लाभ रानपिंगळ्यापुरता मर्यादित राहत नाही. धनेश, पोपट, सुतार, उडती खार असे ढोलीवर अवलंबून असणारे इतर प्राणी-पक्षीही त्याच झाडांच्या आश्रयाने जगतात.